दिवा जागचा हलत नाही, तेव्हाच धोका

दोन जहाजांची टक्कर झाल्याची बातमी आली की हमखास एक प्रश्न विचारला जातो. एवढा अथांग समुद्र, चहूबाजूंनी मोकळं पाणी, वर जीपीएस आणि रडार हाताशी. मग दोन महाकाय जहाजं नेमकी एकाच वेळी एकाच जागी येतातच कशी? पाठोपाठ उत्तरंही येतात. कॅप्टन प्यायलेला असेल, झोपला असेल, नाहीतर एखादं यंत्र बिघडलं असेल. यातलं एखादं कधीकधी खरंही ठरतं. पण पूर्ण शुद्धीत असलेल्या, शिकलेल्या अधिकाऱ्यांच्या हातून, सगळी यंत्रं ठणठणीत असतानाही टकरी झाल्या आहेत. त्यामागचं कारण समजून घ्यायला शाळेतली थोडी भूमिती लागते. ती मला फार सुंदर वाटते, म्हणून या लेखाचा मोठा भाग तिलाच देणार आहे.

आधी त्या मोकळ्या पाण्याबद्दल. जहाजं समुद्रभर सारखी पसरलेली नसतात. इंधन महाग असतं, त्यामुळे प्रत्येक जण जवळचा मार्ग धरतो. परिणामी डोव्हर, जिब्राल्टर, मलाक्का अशा सामुद्रधुन्यांत, भूशिरांच्या टोकाशी आणि बंदरांच्या तोंडाशी सगळी गर्दी एकवटते. शिवाय जहाजाला ब्रेक नसतो. इंजिन पूर्ण ताकदीने उलटं फिरवल्यावर जहाज साधारणपणे स्वतःच्या लांबीच्या पंधरा पट अंतरात थांबावं, अशी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मानकांची अपेक्षा आहे. तीनशे मीटर लांबीच्या जहाजासाठी हे अंतर साडेचार किलोमीटर होतं, आणि फार मोठ्या जहाजांना याहूनही सवलत मिळते. सुकाणू पूर्ण वळवलं तरी नव्वद अंशांत फिरेपर्यंत असं जहाज आपल्या मूळ दिशेने किलोमीटरभर पुढे गेलेलं असू शकतं. म्हणजे धोका डोळ्यांना भयानक दिसू लागेपर्यंत थांबलं, तर बहुधा उशीर झालेला असतो. तो दिसायच्या आधी ओळखावा लागतो.

कसा ओळखायचा? इथे ती भूमिती येते.

रात्रीची वेळ आहे, असं धरा. ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतून, उजव्या हाताला दूर एक दिवा दिसतो. दहा मिनिटांनी तो नाकाकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या दिशेने सरकला असेल, तर ते जहाज आपल्या पुढून निघून जाईल. मागे सरकला असेल, तर ते आपल्या मागून जाईल. आणि दहा मिनिटांनीही तो नेमका त्याच दिशेला असेल, फक्त थोडा अधिक ठळक झालेला असेल, तर दोन्ही जहाजं टकरीच्या मार्गावर आहेत. सीमारेषेकडे घरंगळत जाणारा चेंडू अडवायला तिरका धावणारा क्षेत्ररक्षक नेमकं हेच साधत असतो. चेंडू आपल्याला सतत एकाच दिशेला दिसत राहील असा वेग तो धरतो, कारण तसं झालं की भेट नक्की. जहाजाच्या अधिकाऱ्याला ती भेट टाळायची असते, एवढाच फरक.

माणसाच्या नजरेची अडचण अशी, की तिचं लक्ष हालचालीकडे ओढलं जातं. जे सरकतं ते चटकन जाणवतं. सर्वांत धोकादायक जहाज मात्र दृष्टिक्षेत्रात एका जागी गोठल्यासारखं दिसतं, आणि अगदी शेवटच्या काही मिनिटांत एकदम मोठं होतं. अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाचा गाभा मला यातच दिसतो: स्थिर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल संशय घ्यायला शिकणं, आणि तो संशय मोजून पडताळणं.

मोजायचं ते होकायंत्रावर. समोरचं जहाज उत्तरेपासून किती अंशांवर दिसतं त्या कोनाला खलाशी बेअरिंग म्हणतात. ‘खिडकीच्या त्या दांडीच्या रेषेत दिसतंय’ एवढ्यावर भागत नाही, कारण लाटांमुळे आपलंच नाक दोनचार अंश इकडेतिकडे होत असतं आणि दिवा सरकल्याचा भास होतो. टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले. त्यांतला सातवा नियम हेच सांगतो: जवळ येणाऱ्या जहाजाचं होकायंत्रावरचं बेअरिंग लक्षणीय बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असंच धरायचं. तो पुढे असंही बजावतो, की बेअरिंग बदलत असलं तरी समोरचं जहाज फार मोठं असेल किंवा फार जवळ असेल, तर धोका टळला असं समजू नये. तीनशे मीटर लांबीच्या जहाजाचं नाक आपल्याला चुकलं, म्हणजे शेपूटही चुकेल असं नाही.

आता आकडे घेऊ. आपलं जहाज सरळ उत्तरेला १२ नॉट वेगाने, म्हणजे तासाला १२ सागरी मैल चाललं आहे. रडारवर ईशान्येला, ०४५ अंशांवर, साडेआठ मैलांवर एक ठिपका दिसतो. सहा मिनिटांनी तोच ठिपका ०४५ अंशांवरच, पण ६.८ मैलांवर आहे. सहाच मिनिटं का, तर सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. १२ नॉटचे १.२ मैल होतात, गणित तोंडी करता येतं. ठिपका सहा मिनिटांत १.७ मैल जवळ आला आणि दिशा बदलली नाही. पहिल्या नोंदीपासून अर्ध्या तासात टक्कर.

पण ते जहाज चाललं आहे कुठे? पडद्यावर ठिपका नैर्ऋत्येला, थेट आपल्याकडे सरकताना दिसतो, म्हणून ते जहाज नैर्ऋत्येला चाललं आहे असं वाटेल. ही शिकाऊ अधिकाऱ्यांची नेहमीची चूक. रडारवर दिसते ती सापेक्ष गती. तिच्यात आपली स्वतःची गती मिसळलेली असते. ती वेगळी काढायला कागदावर एक त्रिकोण काढतात. ठिपक्याची पहिली जागा ‘ओ’, दुसरी ‘ए’. सहा मिनिटांत आपण उत्तरेला १.२ मैल गेलो, म्हणून ‘ओ’पासून उलट, दक्षिणेला १.२ मैल मोजून तिथे ‘डब्ल्यू’ मांडायचा. समोरचं जहाज जागच्या जागी थांबलेलं असतं, तर ठिपका सहा मिनिटांत इथे आला असता. प्रत्यक्षात तो ‘ए’ला आला. म्हणजे ‘डब्ल्यू’ ते ‘ए’ ही त्या जहाजाची स्वतःची, खरी हालचाल. आपल्या उदाहरणात ती रेषा सरळ पश्चिमेला निघते आणि १.२ मैल भरते. ते जहाज १२ नॉट वेगाने पश्चिमेला चाललं आहे. आपण त्याची डावी बाजू पाहतो आहोत, आणि जहाजाच्या डाव्या बाजूचा दिवा लाल असतो, म्हणून आपल्याला त्याचा लाल दिवा दिसला पाहिजे. खिडकीतून पाहायचं; दिवा लाल असला तर त्रिकोण बरोबर. कागद, पडदा आणि डोळे असे तीन वेगवेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा कुठे खात्री धरायची.

आता करायचं काय? आडव्या येणाऱ्या दोन इंजिनवाल्या जहाजांत, ज्याच्या उजव्या बाजूला दुसरं असेल त्याने वाट द्यायची, आणि शक्यतो समोरून आडवं जायचं नाही. इथे वाट आपण द्यायची. आणखी सहा मिनिटं निरखण्यात गेली आणि अंतर ५.१ मैलांवर आलं असं धरून हिशेब करू. उजवीकडे १० अंश वळलो, तर दोन जहाजांमधलं सर्वांत कमी अंतर जेमतेम ०.४ मैल राहतं. ३० अंश वळलो, तर १.३ मैल. ६० अंश वळलो, तर अडीच मैल. वळायला लागणारा वेळ यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे कमीच येतील. आठवा नियम म्हणतो की कृती वेळेवर आणि ठसठशीत हवी, थोडं थोडं वळत राहू नये. त्यामागचं अर्धं कारण या आकड्यांत आहे. उरलेलं अर्धं समोरच्या ब्रिजवर आहे. तुम्ही पाच अंश वळलात तर तिथल्या अधिकाऱ्याला ते रात्रीच्या अंधारात कळतच नाही. साठ अंश वळलात तर तुमचे दिवेच बदललेले दिसतात, आणि तो निःशंकपणे आपली वाट धरून राहतो.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ ‘आंद्रिया डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही प्रवासी जहाजं एकमेकांवर आदळली, ५१ माणसं गेली. डोरिया धुक्यातही जवळजवळ पूर्ण वेगात होती. दोन्ही जहाजं बऱ्याच आधीपासून एकमेकांना रडारवर पाहत होती. डोरियावर मात्र त्या ठिपक्याच्या नोंदी कागदावर मांडल्याच गेल्या नाहीत, आणि अंतर वाढावं म्हणून ती आधी डावीकडे वळली ती फक्त चार अंश. स्टॉकहोमने आपल्या बाजूने उजवीकडे वळण घेतलं. यंत्रातून दिसणं आणि परिस्थिती समजणं यांत केवढं अंतर असतं, ते शिकवण्यासाठी नाविक अभ्यासक्रमांत हे उदाहरण आजही वापरतात.

आज हा त्रिकोण रडारचा संगणक सोडवतो. लक्ष्य पकडल्यावर मिनिटभरात कल आणि तीन मिनिटांत समोरच्या जहाजाची अंदाजित गती त्याने दाखवलीच पाहिजे, अशी मानकं आहेत. मग शिकाऊंना हे हाताने का शिकवायचं? कारण संगणकाचं उत्तर त्याच्या गृहीतकांवर उभं असतं. दोन्ही जहाजं वेग आणि दिशा बदलणार नाहीत, हे पहिलं गृहीतक. आपला वेग आणि दिशा सांगणारी उपकरणं बरोबर आहेत, हे दुसरं. वेग पाण्याच्या सापेक्ष घेतला की जमिनीच्या सापेक्ष, यावरही चित्र बदलतं. जोरदार प्रवाहात समोरचं जहाज कोणत्या बाजूने दिसतं आहे याचाच गैरसमज होऊ शकतो. दोन ठिपके अगदी जवळून गेले तर संगणक एकाची ओळख दुसऱ्याला चिकटवतो. ज्याने स्वतः त्रिकोण काढला आहे त्याला हे उत्तर विचित्र वाटतं. ज्याने काढला नाही, त्याला ते फक्त उत्तर वाटतं.

जून १९९५ मधली ‘रॉयल मॅजेस्टी’ची घटना तर प्रत्येक यंत्रवेड्याने वाचावी अशी आहे. बर्म्युडाहून बोस्टनला निघालेल्या या प्रवासी जहाजावर निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची तार सुटली. यंत्र गुपचूप अंदाजी स्थान दाखवू लागलं: शेवटचं ठिकाण, दिशा आणि वेग यांवरून केलेला हिशेब. वारा आणि प्रवाह त्यात नव्हते. पडद्यावर बारीक अक्षरांत तशी सूचना होती. सुमारे ३४ तास अधिकाऱ्यांनी नकाशावर स्थानं मांडली, पण ती त्याच यंत्रातून घेऊन. शेजारीच दुसरी, स्वतंत्र स्थानदर्शक यंत्रणा चालू होती. तिच्याशी कुणी ताडून पाहिलं नाही. जहाज मार्गापासून १७ मैल भरकटून नँटकेटजवळच्या वाळूच्या बांधावर चढलं. जीवितहानी झाली नाही.

बर्म्युडाचं नाव निघाल्यावर ज्यांना तो गूढ त्रिकोण आठवेल त्यांना एकच सांगतो. या घटनेची तपासणी झाली, कारण सापडलं, आणि ते कारण सुटलेली तार व न केलेली पडताळणी हे होतं. अदृश्य शक्तींच्या गोष्टी सांगितल्या की तार तपासायची राहून जाते. आणि ‘आता बिनखलाशांची जहाजं येणार, अधिकारी हवेत कशाला’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनीही रॉयल मॅजेस्टीचा अहवाल वाचावा. तिच्यावरचं स्वयंचलित सुकाणू अगदी अचूक चाललं होतं, फक्त चुकीच्या जागेवरून.

ही पडताळणीची सवय लावण्यासाठी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्रांचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ साली झाला, आणि २०१० साली मनिला इथे त्यात मोठे बदल केले गेले. वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, एकट्याने सांभाळण्याच्या प्रमाणपत्रासाठी किमान वय १८, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचा भाग म्हणून निदान १२ महिने समुद्रावर. त्यातले सहा महिने प्रत्यक्ष ब्रिजवर, अनुभवी अधिकाऱ्याच्या नजरेखाली. प्रमाणपत्र टिकवायचं तर दर पाच वर्षांनी पात्रता पुन्हा दाखवायची. सिम्युलेटरवर धुकं, गर्दी, बिघडलेलं होकायंत्र असे प्रसंग उभे केले जातात. मनिलाच्या बदलांनंतर ब्रिजवरच्या माणसांचं आपसातलं काम हाही परीक्षेचा विषय झाला. कॅप्टन चुकतो आहे असं वाटलं तर कनिष्ठाने ते स्पष्ट बोलायचं, हे त्यात येतं. कागदावर हे सोपं दिसतं, पण तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या कॅप्टनला तेवीस वर्षांच्या थर्ड ऑफिसरने ‘सर, बेअरिंग बदलत नाहीये’ म्हणायला बळ लागतं, आणि ते सरावानेच येतं.

या सगळ्या शिक्षणाला पोखरणारी गोष्ट म्हणजे थकवा. करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. तरीही अनेक लहान मालवाहू जहाजांवर कॅप्टन आणि चीफ ऑफिसर असे दोघेच आळीपाळीने सहा-सहा तास वॉच करतात. मधल्या वेळात बंदरातली कामं, माल, कागदपत्रं. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २००४ साली जहाजांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यातल्या जहाज तळाला टेकण्याच्या घटनांपैकी एक तृतीयांश घटनांत रात्री ब्रिजवर एकटा, थकलेला अधिकारी होता. ५०० टनांवरच्या जहाजांवर कॅप्टनखेरीज वॉचसाठी किमान दोन अधिकारी असावेत, अशी शिफारस त्या विभागाने केली. ती मला पूर्ण पटते. बेअरिंग दर काही मिनिटांनी घ्यायचं असतं, आणि पहाटे तीन वाजता सलग चौथ्या रात्री ते घेणाऱ्या माणसाला झोप मिळालेली असली पाहिजे. तिसऱ्या अधिकाऱ्याचा पगार वाचवणाऱ्या कंपन्यांना सिम्युलेटरवरच्या प्रमाणपत्रांच्या आड लपू देऊ नये.