भरलेल्या ऑनियन रिंगमधून चीज बाहेर का येतं?

चीज भरलेली ऑनियन रिंग बिघडते ती बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने. पहिलं मिनिट-दीड मिनिट सगळं ठीक चाललेलं असतं. मग कडेला बारीकशी चीर पडते, तिच्यातून पांढरा फेस येतो, तेल तडतडायला लागतं आणि बघता बघता चीज कढईत उतरतं. हाती उरते ती तेलकट, पोकळ रिंग. अशा वेळी चीजला किंवा आवरणाला दोष दिला जातो, पण खरा घोळ वेळेचा असतो. मोझरेलाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाणी असतो. ते पाणी उकळून वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते, आणि एवढी वाफ घरात केलेलं कोणतंही आवरण थोपवू शकत नाही. म्हणून आवरण खरपूस होईपर्यंत आतलं चीज जेमतेम वितळलेलं राहिलं पाहिजे, उकळायला लागता कामा नये. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

कांदे दोनच पुरतात, पण मोठे हवेत: साडेसात-आठ सेंटीमीटर व्यासाचे, गोल आणि हाताला घट्ट लागणारे. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा या कामाला उत्तम. पावसाळ्यानंतर बाजारात येणारा खरिपाचा लाल कांदा जास्त पाणीदार असतो, आणि इथे पाणीच तर नको आहे. चिरण्याआधी कांदे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. कांद्याच्या पेशी फुटल्यावर काही विकरं (एन्झाइम्स) एकापाठोपाठ काम करून डोळ्यांना झोंबणारा वायू तयार करतात. त्यातलं शेवटचं काम करणारं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखलं. थंडीत विकरं मंदावतात, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी बरंच कमी होतं.

कांद्याच्या आडव्या, १२ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. प्रत्येक चकतीची कडी हलक्या हाताने सुटी करा. सर्वांत बाहेरचं कडं आणि बाहेरून तिसरं कडं अशी जोडी घ्या, मधलं दुसरं कडं बाजूला काढा. ते काढल्यामुळे दोन कड्यांमध्ये साधारण ४ मिलिमीटरची फट राहते, तीच चीजची जागा. एका कांद्याच्या मधल्या चार चकत्या कामाच्या, म्हणजे दोन कांद्यांच्या आठ मोठ्या रिंगा होतात. उरलेली कडी आणि गाभा पिठल्यात किंवा भजीत जातो.

आता बहुतेक पाककृतींत न सांगितली जाणारी पायरी. निवडलेली कडी पिशवीत घालून किमान तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग कोमट पाण्यात सोडा. कड्याची आतली बाजू जवळून पाहिली तर तिथे ओलसर, पारदर्शक पापुद्रा दिसतो. नखाने त्याची कड उचलली की तो अखंड पट्टीसारखा सुटून येतो. ताज्या कांद्यावर तो चिकटून बसलेला असतो आणि काढताना फाटतो. गोठून सुटलेल्या कांद्यावरून मात्र सहज निघतो. तो गुळगुळीत असल्यामुळे पीठ त्याला धरत नाही, आणि तळताना आवरण सुटतं ते नेमकं तिथून.

गोठवण्याचा दुसरा फायदा खाताना कळतो. कच्च्या कांद्याचा करकरीतपणा पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनमुळे आणि पेशींतल्या पाण्याच्या दाबामुळे असतो. पेक्टिन नीट मऊ व्हायला साधारण ८५ अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ लागतो, आणि आपण तळणार दोन-अडीच मिनिटं. एवढ्यात कांदा शिजत नाही. मग पहिल्याच घासाला कांद्याचं कडं सबंध ओढून बाहेर येतं, त्याच्यासोबत चीज येतं आणि हातात रिकामं टरफल राहतं. गोठताना झालेले बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे कांदा आधीच नरम होतो आणि दातांखाली आवरणाबरोबर तुटतो. अशी कडी लुळी पडतात, त्याची काळजी नको. भरताना ती उलट हवी तशी वळतात. पापुद्रा काढल्यावर मात्र ती सुती फडक्याने अगदी कोरडी टिपून घ्या.

कांद्याला मीठ लावू नका. कांदा भजी करताना आपण मुद्दाम मीठ चोळून ठेवतो, कारण सुटलेल्या पाण्यातच बेसन भिजवायचं असतं. इथे तेच पाणी पीठ आणि कांदा यांच्यामध्ये थर धरून बसतं, आणि तापलं की वाफ होऊन आवरण उचलतं.

चीजच्या निवडीवर बरंच काही ठरतं. पिझ्झासाठी मिळणारा कमी पाण्याचा, घट्ट मोझरेला घ्या. पाण्यात बुडवून विकला जाणारा ताजा, मऊ मोझरेला इथे उपयोगाचा नाही, त्यात पाणी फार. मोझरेलाला तार का सुटते? दुधातलं केसिन हे प्रथिन कॅल्शियमच्या दुव्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं. मोझरेला करताना दह्याची आम्लता अशा टप्प्यावर आणतात (पीएच साधारण ५.२) की त्यातले काही दुवे सुटतात आणि काही टिकतात. मग गरम पाण्यात ते दही ताणलं की प्रथिनांचे धागे एका दिशेने लागतात. ६० अंशांच्या आसपास हे धागे एकमेकांवरून सरकायला लागतात, पण तुटत नाहीत.

पनीर याच कारणाने चालत नाही. ते तापवलेलं दूध आम्लाने फाडून केलेलं असतं. तापवताना दुधाच्या निवळीतली (व्हे) प्रथिनं केसिनला घट्ट चिकटतात, म्हणून पनीर कितीही तापवलं तरी वितळत नाही, नुसतं घट्ट होत जातं. प्रोसेस्ड चीजचं वेगळंच. त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घातलेले असतात. ते कॅल्शियमला धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिन मोकळं होऊन स्निग्धांश आणि पाणी दोन्हींना सांभाळतं. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली ही युक्ती सापडली. असं चीज गुळगुळीत वितळतं, तेल सोडत नाही, पण त्याला तार येत नाही. आमच्या मते ७५ ग्रॅम मोझरेला आणि २५ ग्रॅम प्रोसेस्ड चीज हे प्रमाण सर्वांत भरवशाचं: तारही राहते आणि नुसत्या मोझरेलाला नसलेला खारटपणाही येतो. विकत घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचा. तिच्यात दुधाच्या जागी वनस्पती तेल दिसलं तर ते खरं चीज नाही, आणि ते कसं वितळेल याचा भरवसा देता येत नाही.

मोझरेलाच्या ४ मिलिमीटर जाडीच्या आणि ११ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, म्हणजे चीज कांद्याच्या कडेपेक्षा किंचित आत बसेल. एका रिंगेला ९-१० ग्रॅम चीज लागतं. पट्ट्या कडेने उभ्या बसवा, तुकड्यांच्या सांध्यात प्रोसेस्ड चीज बोटाने दाबून भरा. किसलेलं चीज तसंच भुरभुरू नका. त्याच्या पोकळ्यांतली हवा तापल्यावर फुगते आणि वाफेला वाट करून देते. भरलेल्या रिंगा ताटात बटर पेपरवर मांडून तासभर गोठवा.

हे दुसरं गोठवणं म्हणजे या पदार्थाचा कणा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी लागतात. आता हिशोब बघा. खोलीच्या तापमानाचं, म्हणजे २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला ग्रॅममागे ४० कॅलरी पुरतात. उणे १८ अंशांवरून निघालेल्या बर्फाला आधी शून्यापर्यंत यायला ९, वितळायला ८० आणि पुढे ६० अंशांपर्यंत जायला ६०, अशा जवळपास १५० कॅलरी लागतात. चीज आणि कांद्यातलं सगळंच पाणी गोठत नाही, तरी बहुतांश गोठतं. म्हणजे आत जाणारी उष्णता तीच असली तरी गोठलेलं चीज वितळायला तिप्पट ते साडेतीनपट उष्णता लागते, आणि तेवढ्या वेळात आवरण तयार होतं. फ्रिजमध्ये नुसतं गार केलेलं चीज यात कमी पडतं, कारण त्यातला बर्फाचा भाग गायब असतो.

आवरणासाठी तीन ताटल्या मांडा. पहिलीत ५० ग्रॅम कोरडा मैदा, त्यातच तिखट आणि मिरपूड. मसाला ब्रेडच्या चुऱ्यात मिसळला तर तो थेट तेलाला लागून करपतो, म्हणून तो आतल्या थरात. दुसऱ्या ताटलीत ६० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा मीठ आणि १४० मिलिलिटर गार पाणी यांचं सरसरीत पीठ, चमच्याच्या पाठीवर थर धरेल असं. तिसरीत १५० ग्रॅम ब्रेडचा चुरा. अंडं चालत असेल तर पिठाऐवजी फेटलेली दोन अंडी घ्या. चुरा साध्या पांढऱ्या ब्रेडचा हवा. गोड पावातली साखर आणि टोस्टच्या चुऱ्याचा आधीचाच भाजलेपणा यांमुळे रंग वेळेआधी चढतो. मग रिंग झाली असं वाटतं आणि आत चीज थंडच राहतं.

कोरडा मैदा कांद्यावरचा शेवटचा ओलावा शोषून चिकट होतो आणि पातळ पिठाला धरतो. मैद्यातलं ग्लुटेन आवरणाला बांधून ठेवतं, पण तेवढंच असलं तर आवरण चिवट होतं. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नाही. त्याचे स्टार्चचे कण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात, एकमेकांत मिसळून फटी बुजवतात आणि मग पाणी उडून गेल्यावर कडक होतात. सोडा घालू नका. लाल कांद्याचा रंग अँथोसायनिनमुळे असतो आणि अल्कलीत तो निळसर-हिरवट पडतो. खाण्याला धोका नाही, पण ताटात ते खराब झाल्यासारखं दिसतं.

रिंग फ्रीझरमधून दोन-दोनच काढा. कोरड्या मैद्यात घोळवा, पिठात बुडवा, चुऱ्यात दाबा, आणि मग पुन्हा एकदा पीठ व चुरा. एका थराने भागत नाही. चुरा लावताना सगळ्यांचं लक्ष बाहेरच्या कडेकडे जातं, पण गळती बहुधा होते ती मधल्या भोकाच्या आतल्या कडेला, जिथे चुरा बोटाने दाबलेला नसतो. दुसरी कमजोर जागा वरची आणि खालची सपाट बाजू, कारण तिथे चीज आणि तेल यांच्यात कांदा नसतो, फक्त आवरण असतं. या दोन्ही जागा बोटाच्या टोकाने चाचपून बघा. तयार रिंगा पुन्हा किमान दोन तास गोठवा. झाकणाच्या डब्यात त्या महिनाभर राहतात.

तळायला रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल एक लिटर, कढई अर्ध्याहून जास्त भरू नये. तेल १८० अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर पांढऱ्या ब्रेडचा सेंटीमीटरभर तुकडा टाका. तो पाऊण ते एका मिनिटात सोनेरी झाला तर तेल तयार आहे. पंधरा-वीस सेकंदांत काळपटला तर तेल फार तापलंय. रिंगांवर बर्फाची पांढरी भुरभुर बसली असेल तर ती पुसून काढा, नाहीतर तेल उडतं.

एका वेळी तीन, फार तर चार रिंगा. प्रत्येक रिंग साधारण ४० ग्रॅमची, त्यात वीसेक ग्रॅम पाणी. चार रिंगांमधला बर्फ वितळायलाच लिटरभर तेलाची पंधरा अंशांच्या आसपास उष्णता जाते, आणि पृष्ठभागावरचं पाणी उडायला याहून जास्त. एकदम सहा-सात रिंगा सोडल्या तर तेल १५० अंशांच्या खाली घसरतं, आवरण रंग धरायला चार-पाच मिनिटं घेतं, आणि चीज फुटायला एवढा वेळ पुरेसा असतो. रिंगा सोडण्याआधी आच मोठी करा आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात मध्यम.

तळताना कान उघडे ठेवा. सुरुवातीला बुडबुडे दाट आणि आवाज मोठा असतो, कारण आवरणातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. जोपर्यंत तिथे पाणी आहे तोपर्यंत तिथलं तापमान शंभरच्या वर जात नाही. पाणी संपलं की ते चढतं आणि १४० अंशांच्या पुढे खरपूस रंग आणि वास येतो. हा आवाज कमी होऊन रंग सोनेरी झाला, साधारण दोन ते अडीच मिनिटांनी, की रिंग काढायची. थांबलात आणि आवाज अचानक पुन्हा वाढला तर समजा की आता आतलं पाणी बाहेर यायला लागलं. क्षणाचाही उशीर करू नका.

काढलेल्या रिंगा जाळीवर उभ्या ठेवा. तेल मुरतं ते बहुतांशी कढईच्या बाहेर: रिंग निवताना आतली वाफ पाण्यात बदलते, आतला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात ते निथळून गेलं पाहिजे. कागदावर सपाट ठेवल्या तर खालची बाजू वाफेने मऊ पडते. दीड-दोन मिनिटं थांबा. या वेळात आवरणाची उष्णता आत सरकून मधलं चीज पूर्ण वितळतं. लगेच चावलं तर एकीकडे तोंड भाजतं आणि मध्ये गार गाठ लागते. तरीही मध्ये गार राहिलं तर पुन्हा तेलात सोडू नका, १२० अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवा.

एअर फ्रायरमध्ये हे जमतं, पण तिथे गणित उलटतं. गरम हवा तेलापेक्षा फार सावकाश उष्णता देते, म्हणून आवरणाला रंग यायच्या आधीच चीज तापतं. चुरा दोन चमचे तेलात आधीच बदामी परतून घेतला तर रंगाची वाट पाहावी लागत नाही. मग २०० अंशांवर सात-आठ मिनिटं, आणि पाचव्या मिनिटापासून डोळा ठेवून. कुरकुरीतपणा तळलेल्याइतका येत नाही.

प्रत्येक घाण्यानंतर तळाशी बसलेला चुरा झाऱ्याने काढा, नाहीतर तो करपून पुढच्या रिंगांना कडू करतो. चीज कढईत फुटलंच तर आच बंद करा, तडतड थांबेपर्यंत लांब राहा, मग गाळा. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवायचं, पाणी कधीही टाकायचं नाही. उरलेल्या रिंगा दुसऱ्या दिवशी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये सहा-सात मिनिटांत पुन्हा चांगल्या होतात. मायक्रोवेव्ह मात्र चीजमधलं पाणी आधी तापवतो, आणि ती वाफ कडक आवरणाला ओलं करून टाकते.