'नागपूर'च्या सहा अक्षरांत लपलेला गवा

डिसेंबरातली दुपार, गच्चीवर ऊन आणि ताटात आंबिया बहाराची संत्री. पाचवीतली भाची शिष्यवृत्तीचा अभ्यास घेऊन बसली होती. प्रश्न असा: 'नागपूर' हे नाव इंग्रजीत लिहा आणि त्यातली अक्षरं वापरून जमतील तेवढे इंग्रजी शब्द तयार करा, प्रत्येक अक्षर एकदाच. तिनं वहीच्या पानाचे सहा चौकोनी तुकडे केले आणि त्यांवर एन, ए, जी, पी, यू, आर लिहिलं. रन, गन, पॅन, गॅप एवढे शब्द झटपट झाले. मग गाडी अडली. "मामा, आता सापडूनच नाही राहिले."

मी चार तुकडे बाजूला ओढले: जी-ए-यू-आर. गाउर, म्हणजे आपला गवा, पेंचच्या जंगलात तिनं उन्हाळ्यात पाहिलेला. मग मधले दोन तुकडे अदलाबदल केले: जी-यू-ए-आर. ग्वार, म्हणजे भाजीतली गवार. दोन्ही शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेले, आणि दोन्ही आपल्या शहराच्या नावात बसलेले. तिचे डोळे मोठे झाले. ओळखीच्या वस्तू डोळ्यांसमोर असून दिसल्या कशा नाहीत?

याचं कारण तिच्या हुशारीत नाही, आपल्या सगळ्यांच्याच स्मरणशक्तीच्या मांडणीत आहे. आपल्याला शब्द आठवतो तो सुरुवातीपासून. अंताक्षरीत 'म' आला की गाणी धडाधड सुचतात; पण तिसरं अक्षर 'म' असलेलं गाणं सांगा म्हटलं तर मैफल गप्प होईल. 1973 साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. के, एल, एन, आर आणि व्ही ही पाच अक्षरं इंग्रजी मजकुरात शब्दाच्या पहिल्या जागेपेक्षा तिसऱ्या जागी जास्त वेळा येतात. पण 152 जणांना विचारलं, तेव्हा 105 जणांनी यांतल्या बहुतेक अक्षरांसाठी पहिली जागा सांगितली. किंग, काइट हे शब्द पटकन आठवतात. लाइक, मेक, टेक, आस्क, इंक यांच्यात 'के' तिसरा आहे हे ध्यानातच येत नाही. जे सहज आठवतं ते संख्येनंही जास्त असणार, असं मन धरून चालतं. पुढे कानमन यांना 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

शब्दकोशाचीही हीच अडचण. अडीच लाख शब्दांच्या कोशात एखादा शब्द शोधायचा असेल तर मधोमध उघडा, अर्धा भाग सोडा, उरलेला पुन्हा मधोमध उघडा. जास्तीत जास्त अठरा वेळा असं केलं की शब्द हाती येतो. पण 'तिसरं अक्षर के' अशी अट घाला, की ही सगळी शिस्त फुकट. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्यावाचून मार्ग नाही. संगणकाला असं वाचायचा कंटाळा नसतो. केन थॉम्पसन यांनी 1973 च्या सुमारास लिहिलेला 'ग्रेप' नावाचा छोटा प्रोग्राम आजही हेच काम करतो: टिंब म्हणजे 'कोणतंही एक अक्षर' असं धरून आधी ओळीच्या सुरुवातीची खूण, मग दोन टिंबं आणि मग 'के' असा साचा द्यायचा, तो ओळीमागून ओळ तपासतो. लाखो शब्द डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात.

पण मला जास्त आवडते ती दुसरी युक्ती, कारण ती वाचनाचं काम आधीच करून ठेवते. प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावायची आणि तोच त्याचा पत्ता मानायचा. ताटातल्या संत्र्याचंच बघा. 'ऑरेंज' हा शब्द संस्कृतातल्या नारंगाचा वंशज. फारसी, अरबी असा प्रवास करत तो युरोपात पोचला आणि वाटेत सुरुवातीचा 'न' गळून पडला. त्याची अक्षरं क्रमानं लावली की ए-ई-जी-एन-ओ-आर होतात. याच पत्त्यावर आणखी एक बिऱ्हाड आहे: 'ऑनेजर', म्हणजे आशियातलं रानगाढव, ज्याची एक उपजात कच्छच्या छोट्या रणात राहते. एकदा सगळा कोश अशा पत्त्यांनी लावून ठेवला, की त्याच अक्षरांचे सगळे शब्द एकाच दारात सापडतात. कळमन्याच्या बाजारात संत्री आधीच आकारानुसार निवडून ठेवतात, म्हणून गिऱ्हाइकाला हवा तो माल लगेच काढून देता येतो, तसंच हे.

भाचीच्या प्रश्नात मात्र सगळी अक्षरं वापरायची नव्हती, काही वापरली तरी चालणार होतं. तिथे शाळेतलं गणित कामी येतं. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या: ए ला 2, जी ला 3, आर ला 5, यू ला 7, एन ला 11, पी ला 13. सहाही संख्यांचा गुणाकार केला की 'नागपूर'ची किंमत येते 30030. गवा म्हणजे 3 × 2 × 7 × 5, म्हणजे 210. आता 30030 ला 210 नं भागा: 143, बाकी शून्य. निःशेष भाग गेला, म्हणजे गवा 'नागपूर'मध्ये आहे. गवारीची किंमतही 210 च, कारण अक्षरं तीच. आता 'नान' घ्या, एन-ए-ए-एन: किंमत 484. भाग जात नाही, कारण या शब्दाला दोन एन आणि दोन ए लागतात, आपल्याकडे एकेकच आहे. कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या नियमावर ही सगळी तपासणी उभी आहे. भाचीनं वहीत भागाकार करून पाहिला आणि बाकी शून्य आल्यावर टाळी वाजवली. मसावि-लसावि शिकवताना हे उदाहरण फळ्यावर यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हातानं शोधताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: अटीतलं सगळ्यांत दुर्मीळ अक्षर आधी धरावं. इंग्रजी मजकुरात शंभर अक्षरांमागे साधारण बारा 'ई' असतात, झेड आणि क्यू मात्र क्वचितच. अमेरिकेतले वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स यांनी 1930 च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळाच्या सोंगट्या ठरवल्या. 100 पैकी 12 'ई', तर क्यू आणि झेड एकेकच, प्रत्येकी 10 गुणांचे. क्यू आला की बहुधा मागोमाग यू येतो. तो नको असेल तर अरबीतून आलेले शब्द आठवावेत: निकाब, बुरखा, फकीर. इंग्रजी कोशात यांची क्यू घेतलेली रूपं मिळतात.

एव्हाना ऊन कलंडलं होतं. "मराठीत पण करू ना," भाची म्हणाली. तिनं चार तुकडे केले: ना, ग, पू, र. नाग आणि पूर तर समोरच होते, पुढे फारसं काही सरकेना. मी तिला सांगितलं, की संगणक हे नाव असं साठवतच नाही. त्याच्याकडे इथेही सहा तुकडे असतात: न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. 'क्षि'सारख्या एका अक्षराचे तर तो चार तुकडे करतो: क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी. तिनं लगेच कात्री घेतली. काना सुटा झाला, ऊकार सुटा झाला, आणि तुकडे सरकू लागले: नगर, राग, पान, गार. मग तिनं काना उचलून र ला लावला, शेजारी न ठेवला आणि म्हणाली, "हे बघा मामा, गव्याचं रान."