शोक, निसर्ग आणि संथ चित्रपट

जवळचं माणूस गेल्यावर मागे राहिलेला माणूस जंगलात, डोंगरात, समुद्राकाठी जातो किंवा गाव गाठतो आणि तिथे फारसं काही न घडता हळूहळू सावरतो, कधी सावरतही नाही, अशा गोष्टीचे कमी बोलणारे आणि निवांत चालणारे चित्रपट. मराठीत याला रुळलेलं नाव नाही. 'संथ सिनेमा' म्हणतात पण तो शब्द बराच मोठा पडतो, त्यात शोक नसलेले आणि झाडाचं पानही न दिसणारे कितीतरी चित्रपट येतात. जपानीतला 'इयाशी-केई' म्हणजे मन निववणारा प्रकार, तोही पूर्ण जुळत नाही. १९९५ सालचा कोबेचा भूकंप आणि टोकियो मेट्रोतला विषारी वायूचा हल्ला यांच्यानंतर तिकडे हा शब्द जोरात चालायला लागला असं साधारण मानतात, पण त्या नावाखाली संगीत, जाहिराती, मांजरांची पुस्तकं असं सगळंच विकलं गेलं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण धागा थेट स्वीडनच्या मूकपटांपर्यंत नेतात, म्हणजे दिग्दर्शक व्हिक्टर शेस्ट्रोमच्या 'तेरिए विगेन' (१९१७) पर्यंत. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या कवितेवरचा हा चित्रपट, नाकेबंदीच्या काळात खलाशी कैदेत पडतो, इकडे बायको आणि मुलगी उपासमारीने मरतात, सुटून आल्यावर त्याच्यापुढे फक्त समुद्र उरतो. यात शोक आहे, निसर्ग आहे, पण समुद्र इथे माणसाच्या मनासारखा वागतो, माणूस खवळला की समुद्रही खवळतो. नंतरच्या चित्रपटांत नेमकं उलटं होतं, माणूस रडत असतो आणि झाडं आपली हलत असतात, त्यांना याचं काही पडलेलं नसतं. त्यामुळे दुसरा धागा, युद्धानंतरचा जपानी सिनेमा आणि पुढे रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्की, हा इथे जास्त धरलाय. अमेरिकन लेखक-दिग्दर्शक पॉल श्रेडरने १९७२ च्या पुस्तकात जपानचा ओझू, फ्रान्सचा ब्रेसाँ आणि डेन्मार्कचा ड्रायर या दिग्दर्शकांवर लिहिताना तीन टप्पे सांगितले होते, रोजचं साधं जगणं, मग त्यात पडलेली फट, आणि शेवटी ती फट न बुजवता आलेली स्थिरता. शोकाच्या चित्रपटांना हा साचा बऱ्यापैकी बसतो, बाकीच्यांना थोडा ओढून-ताणून बसवावा लागतो.

'संथ' हे विशेषण मात्र बरंच अलीकडचं. फ्रेंच समीक्षक मिशेल सिमाँने २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवातल्या भाषणात संथपणाच्या सिनेमाबद्दल बोलल्याचं धरतात, २००८ मध्ये मॅथ्यू फ्लॅनगनचा लेख आला, २०१० मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकात जोनाथन रॉम्नीने 'स्लो सिनेमा' शब्द वापरला आणि त्याच वर्षी तिथल्याच संपादकाने, निक जेम्सने, असे चित्रपट प्रेक्षकाचा एवढा वेळ घेतात ते त्या मोबदल्यात देतात काय असा प्रश्न टाकून वाद पेटवला. २००३ ते २०१० च्या दरम्यान शब्द रुळला असं म्हणणं त्यातल्या त्यात सुरक्षित.

संथ म्हणजे किती संथ, हे मोजायचा प्रयत्नही झालाय. चित्रपट-अभ्यासक बॅरी सॉल्टने १९७० च्या दशकात सरासरी शॉट-लांबीचं माप रूढ केलं (शॉट म्हणजे मध्ये कट न येता सलग दिसणारा तुकडा), म्हणजे चित्रपटाची एकूण लांबी भागिले शॉट्सची संख्या. अमेरिकन चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेलच्या मते १९३० ते १९६० मध्ये हॉलीवूडच्या बहुतेक चित्रपटांत ती ८ ते ११ सेकंद होती, शतक संपेपर्यंत ३ ते ६ वर आली. याच्या दुसऱ्या टोकाला हंगेरीच्या बेला तारचा 'वेर्कमाइस्टर हार्मनीज' (२०००), १४५ मिनिटांत ३९ शॉट, म्हणजे एक शॉट सरासरी पावणेचार मिनिटांचा (तार इथे फक्त मापापुरता, त्याच्याकडे कोणी सावरत वगैरे नाही). ३५ एमएम फिल्मचं १००० फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं, त्यामुळे फिल्मवर शॉट कितीही लांबवायची सोय नव्हती. डिजिटल कॅमेऱ्याने ती अडचण काढली आणि 'रशियन आर्क' (२००२) ९६ मिनिटांच्या एकाच शॉटमध्ये झाला. पण हे माप आपल्या विषयाला अर्धंच लागू पडतं. जपानी दिग्दर्शिका नाओमी कावासेचा कॅमेरा हातात धरलेला असतो, हलतो, धापा टाकतो, तरी चित्रपट संथच वाटतो, कारण तिथे घाई घटनांनाच नाही.

सगळ्यात जास्त शाई सांडलीये ती माणूस नसलेल्या शॉटवर. चिनीत याला सरळ 'रिकामा शॉट' म्हणतात. समीक्षक नोएल बर्चने १९७९ मध्ये ओझूच्या अशा शॉट्सना 'उशी-शॉट' म्हटलं, जुन्या जपानी कवितेत ठरावीक शब्दाआधी एक ठरावीक विशेषण उशीसारखं येतं त्यावरून. 'लेट स्प्रिंग' (१९४९) मध्ये बाप-लेक क्योटोच्या धर्मशाळेसारख्या जागी रात्री आडवे पडलेत, मुलीचं लग्न ठरलंय, ही दोघांची शेवटची सहल, ती हसते, मग अंधारात एक फुलदाणी दिसते, मागच्या कागदी सरकदारावर झाडाच्या सावल्या, मग परत मुलगी, आता डोळ्यात पाणी यायच्या बेतात. बस, एवढंच. श्रेडरला ही फुलदाणी भावना साठवून ठेवणारी स्थिरता वाटते, फ्रेंच तत्त्वज्ञ जिल द्लूझला १९८५ मध्ये तिच्यात शुद्ध काळ दिसला, तर बॉर्डवेल आणि क्रिस्टिन थॉम्पसन म्हणतात की फुलदाणीच का, दुसरं काहीही चाललं असतं, तिला खास अर्थ नाही. शेवटचं मत रुक्ष वाटतं पण तेच जास्त पटणारं आहे. दोन चेहऱ्यांच्या मध्ये काहीतरी असं हवं होतं ज्याला या दोघांशी देणंघेणं नाही, आणि तेवढ्या वेळात मुलीचं हसू कुठे गेलं ते आपलं आपण भरून काढतो. पुढच्या चित्रपटांत फुलदाणीच्या जागी डोंगर, भातशेती, धुकं आलं, काम तेच राहिलं.

या प्रकाराचा नमुना म्हणून बहुतेक वेळा कावासेचा 'मोगारी नो मोरी' (२००७, ९७ मिनिटं, कान महोत्सवात ग्राँ प्री पारितोषिक) घेतात. वृद्धाश्रमात काम करणारी माचिको, तिचं मूल गेलंय, आणि विसराळूपणाने ग्रासलेला शिगेकी, त्याची बायको जाऊन ३३ वर्षं झालीत, दोघं चहाच्या मळ्यात झुडपांच्या रांगांमधून लपाछपी खेळतात आणि नंतर जंगलात वाट चुकतात. ३३ हा आकडा उगाच नाही. जपानी बौद्ध रिवाजात तेहतिसाव्या वर्षानंतर गेलेल्या माणसाचं वेगळेपण संपून तो पूर्वजांत मिसळला असं मानतात, म्हणजे शिगेकीला बायको दुसऱ्यांदा गमवायची आहे. 'मोगारी' हा मुळात प्राचीन विधी, प्रेत पुरण्याआधी तात्पुरत्या जागी ठेवायचा. जपानचा सम्राट तेन्मू ६८६ मध्ये वारला आणि दफन झालं ६८८ मध्ये, इतका तो लांबायचा, आणि ६४६ च्या हुकमाने सामान्यांना त्याची मनाई झाल्याचं 'निहोन शोकी' (७२०) या जुन्या जपानी इतिहासग्रंथात आहे, अर्थात हा ग्रंथ स्वतःच बऱ्याच नंतरचा असल्याने तारीख जपूनच घ्यावी. विधी गेलेल्याला परत बोलवायला होता की त्याचा आत्मा शांत करायला, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. चित्रपट शब्दाची फोड 'शोक' आणि 'संपणं' अशी करतो, ती त्याला सोयीची आहे.

निसर्गाने माणूस खरंच बरा होतो का, याला पुरावा म्हणून रॉजर उलरिचचा १९८४ चा अभ्यास हमखास पुढे करतात. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरचे ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं, निम्म्यांच्या बाहेर विटांची भिंत, झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक कमी लागलं. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान हा शब्द काढला तोही इथे जोडतात. पण पित्ताशय काढलेला पेशंट आणि बायको गेलेला नवरा यात फरक आहे. शोकाच्या अभ्यासातून बघितलं तर फ्रॉइडने १९१७ मध्ये गेलेल्यापासून मन सोडवून घेण्याला काम म्हटलं, आणि १९९६ च्या सुमारास 'चालू राहणारे बंध' हा विचार आला की नातं संपत नाही, फक्त रूप बदलतं. हे चित्रपट बहुतेक दुसऱ्या बाजूचे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉसचे १९६९ चे पाच टप्पे (नाकारण्यापासून स्वीकारण्यापर्यंतचे) या चित्रपटांवर लावतात ते मात्र चुकीचं वाटतं, ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटबद्दल होते.

जपानी दिग्दर्शक कोरे-एदाच्या 'माबोरोशी' (१९९५) मध्ये सावरणं जवळपास नाहीच. नवरा रेल्वेरुळावर का चालत गेला हे बायकोला कळत नाही, ती दुसरं लग्न करून समुद्रकाठच्या गावी येते, आणि शेवटी लांबून दिसणारी अंत्ययात्रा किनाऱ्याने चाललेली असते, इतकी लहान की माणसं ठिपके वाटतात. दुसरा नवरा म्हणतो, समुद्रावर कधीकधी प्रकाश दिसतो आणि माणसाला ओढतो. एवढंच उत्तर मिळतं.

इतरत्र कार्ला सिमोनचा 'समर १९९३' (२०१७) आई-बाप एड्सने गेलेल्या लहान मुलीला स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या खेड्यात नेतो, आणि क्लोई झाओच्या 'नोमॅडलँड' (२०२०) मध्ये नवरा आणि गाव दोन्ही गमावलेली बाई व्हॅनमध्ये राहते. याला व्हेनिस महोत्सवाचा गोल्डन लायन आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळाल्यामुळे बऱ्याच लोकांची या प्रकाराशी ओळख तिथूनच झाली. मराठीत अविनाश अरुणचा 'किल्ला' (२०१४) बाप गेलेल्या मुलाचा, त्याला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात क्रिस्टल बेअर पारितोषिक मिळालं, आणि रोहन कानवडेचा 'साबर बोंडं', २०२५ मध्ये अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवाच्या जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला. यात शहरातला आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, घर नातेवाइकांनी, नियमांनी आणि लग्नाच्या विषयाने भरलेलं, आणि निवांतपणा मिळतो तो फक्त शेळ्या चारणाऱ्या बाळ्याबरोबर रानात.