सिंहगडाला उलटी प्रदक्षिणा

संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवण्याचा आभासी खेळ आला, की पुणेकर आधी दोनच गोष्टी शोधतो: आपली सोसायटी आणि सिंहगड. सोसायटी सापडते, पण मजले कमी-जास्त झालेले असतात. सिंहगडही सापडतो, पण जवळ जावं तसे त्याचे कडे मेणासारखे ओघळलेले दिसतात. मग दोष ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा कार्ड निर्दोष असतं. चुकलेली असते ती उंची. सिम्युलेटरमधलं जग ठरावीक अंतरावरून बघण्यासाठीच तयार होतं. ते अंतर पाळलं, तर साध्या यंत्रावरही सह्याद्री झकास दिसतो.

हे अंतर का पाळायचं, ते डोंगर कसे बनतात यावरून कळतं. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या जवळपास ८० टक्के भूभागाची उंची मोजली. त्या मोजणीत साधारण दर ३० मीटरला एक बिंदू आहे. एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगियर या सिम्युलेटरांसाठी जगाचा जो मोफत भूप्रदेश मिळतो, त्यातल्या बऱ्याचशा भागाचा पाया हाच. आता ६० मीटरचा उभा कडा अशा दोन बिंदूंच्या मध्ये आला, की सिम्युलेटर ते बिंदू सरळ रेषेने जोडतो आणि कड्याचा ६३ अंशांचा उतार होतो. त्यावर चिकटवलेला फोटो उपग्रहाने वरून घेतलेला. वरून पाहताना कड्याच्या भिंतीला जागाच मिळत नाही, त्यामुळे काठावरचे चार ठिपके ताणून अख्खी भिंत रंगवली जाते. सिंहगडावरच्या डोणागिरीच्या कड्यापाशी दिसणारे ओघळ हे असे येतात. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर बिंग नकाशांवर उभा आहे, पण वरून काढलेल्या फोटोची अडचण तिथेही सुटत नाही.

म्हणून गडापासून साधारण एक किलोमीटर दूर आणि माथ्यापेक्षा १,००० ते १,५०० फूट वर राहायचं. तिथून दिसतो तो डोंगराचा आकार: बेसॉल्टचे थर, पायऱ्यापायऱ्यांची कड, माचीची लांबी. सिम्युलेटर नेमकं हेच चांगलं दाखवतो. झेंडा, टाकी, पिठलं-भाकरीची टपरी शोधायला खाली उतरलात, की निराशा ठरलेली. दूरदर्शनचा मनोराही उभा दिसेलच असं नाही; कधीकधी तो फोटोत जमिनीवर आडवा पडलेला सापडतो.

सावल्यांची मात्र मोठी गंमत आहे. छायाचित्रं घेणारे बरेच उपग्रह एखाद्या जागेवरून स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या आसपास जातात. सूर्य तेव्हा पूर्व-आग्नेयेला असतो, म्हणून फोटोत डोंगरांच्या सावल्या पश्चिमेकडे आणि वायव्येकडे पडलेल्या असतात. सिम्युलेटरमध्ये तुम्ही संध्याकाळी साडेपाचची वेळ लावली, तर खोटा सूर्य पश्चिमेची बाजू उजळतो आणि फोटो त्याच बाजूला काळोख दाखवतो. दोन्ही मिसळून डोंगर सपाट, मळकट दिसतो. डिसेंबर-जानेवारीतली तारीख आणि सकाळचे साडेनऊ ते साडेदहा लावून बघा. फोटोतल्या आणि सिम्युलेटरच्या सावल्या एका रेषेत येतात आणि तोच डोंगर उठून दिसतो. यात खर्च शून्य, आणि फरक नव्या कार्डापेक्षा जास्त.

ढग नसलेले फोटो पावसाळ्यात मिळत नाहीत, त्यामुळे पडद्यावरचा सह्याद्री बहुतेक तपकिरी असतो. जुलैची तारीख लावून तो हिरवा होत नाही. जुलैत ‘लाइव्ह वेदर’ (त्या क्षणाचं खरं हवामान) चालू ठेवलंत तर उलट काहीच दिसणार नाही. तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक अंशांत घेऊन ४०० ने गुणला, की पुंजमेघांच्या तळाची जमिनीपासूनची उंची ढोबळमानाने फुटांत मिळते. पुण्यात २७ आणि २३ अंश असतील तर १,६०० फूट. लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर, म्हणजे ढग साधारण ३,५०० फुटांवर सुरू होणार आणि सुमारे ४,३०० फुटांचा सिंहगड त्यात गुडूप. फिरायला जायचं तर हवामान हाताने निवडा: तुरळक ढग, वारा १० नॉटच्या (तासाला १० नॉटिकल मैलांच्या) आत.

यंत्रसामग्रीत फार अडकू नये. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीला किमान १६ जीबी रॅम लागते आणि निसर्गदृश्य इंटरनेटवरून सतत उतरत असतं. जोडणी मंदावली की जमीन चिखल दिसते, आणि ती पाहून लोक उगाच सेटिंग बदलत बसतात. जुना लॅपटॉप असेल तर मोफत फ्लाइटगियर चालतं, पण त्यात मुळात उपग्रहाचे फोटो नसून शेत, जंगल, वस्ती असे ठोकळेबाज पोत असतात. एक्स-प्लेनवाल्यांनी ऑर्थोफोरएक्सपी हे साधन वापरून फोटोंचा भूप्रदेश बनवावा. एक अंश बाय एक अंशाचा एक तुकडा बनतो, आणि पुढे दिलेली अख्खी फेरी अक्षांश १८, रेखांश ७३ या एकाच तुकड्यात बसते. सगळ्यांनाच एक सांगणं: फ्रेमचा वेग सेकंदाला ३० वर बांधून टाका. स्थिर ३० हे अडखळणाऱ्या ५५ पेक्षा डोळ्यांना कितीतरी सुखाचं.

जॉयस्टिक स्वस्तातली चालेल, पण दांडा पिळून रडर (शेपटीची उभी झडप) चालवता येणारी हवी. मधोमध ३ ते ५ टक्के मृत पट्टा (जिथे दांडा हलला तरी विमान हलत नाही) ठेवा, नाहीतर दांडा सोडला तरी विमान एका बाजूला कलत राहतं. ट्रिमसाठी (दांडा न धरता नाक एका जागी टिकवण्यासाठी) दोन बटणं आधीच नेमून ठेवा. घरच्या जॉयस्टिकची स्प्रिंग कायम मध्याकडे ओढते, खऱ्या विमानासारखा दांड्यावरचा ताण ट्रिमने कमी होत नाही. म्हणून दांड्याने नाक हव्या जागी धरायचं, मग ट्रिमचं बटण थोडं थोडं दाबत दांडा मध्याकडे सोडत यायचं. घाईने ट्रिम दिला की नाक वरखाली डुलत बसतं आणि प्रेक्षणीय स्थळ खिडकीतून निघून जातं.

विमान सेस्ना १७२ घ्या. पंख वर असल्यामुळे सरळ उडताना खालचं सगळं दिसतं. उड्डाणाआधी ऑल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या काट्यावर, स्थानिक दाब लावा. मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बी’ कळ दाबली की तो आपोआप लागतो. हे विसरलं तर काय होतं? प्रत्यक्ष दाब १००४ आणि काट्यावर १०१३ राहिला, तर ९ हेक्टोपास्कलच्या फरकाने ऑल्टिमीटर सुमारे २५० फूट जास्त दाखवतो. तुम्ही स्वतःला सुरक्षित समजता आणि असता खाली. तोरण्याच्या आसपास २५० फूट ही चैन नाही.

मे महिन्याची दुपार लावली असेल तर आणखी एक तोटा. प्रमाण वातावरणात लोहगावच्या उंचीवर ११ अंश तापमान अपेक्षित असतं. हवा ४० अंशांची असली, तर ती इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख ५,४०० फुटांवर असल्यासारखे वागतात. धाव लांबते, चढ मंदावतो. अशा वेळी मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) दांडा पूर्ण आत ठेवून ‘विमान चढतच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. तो हळूहळू बाहेर ओढा, इंजिनचे फेरे वाढून कमी होऊ लागले की किंचित परत आत ढकला.

लोहगावच्या धावपट्टी २८ वरून (म्हणजे साधारण २८० अंशांच्या दिशेने, पश्चिमेकडे) ५५ नॉटला नाक उचला, ७५ ते ८० नॉटवर चढत डावीकडे वळून २१६ अंशांची दिशा धरा. सिंहगड १६ नॉटिकल मैल (एक म्हणजे १.८५ किलोमीटर; पुढचे सगळे मैल हेच). पश्चिमेचा १५ नॉट वारा असेल तर नाक २२४ वर ठेवावं लागेल, नाहीतर विमान कात्रजकडे सरकत जातं. सहा मैलांवर पर्वती जवळजवळ पोटाखालून जाते, पुढे उजवीकडे खडकवासल्याचं पाणी. मिनिटाला ५०० फुटांनी चढलात तर सिंहगडाच्या बरंच आधी ५,५०० फूट गाठता येतात. (प्रत्यक्षात लोहगाव हा हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, खऱ्या छोट्या विमानाने असं मनमानी भटकणं शक्य नाही. खऱ्या हवेत शांतपणे तरंगायची हौस असेल तर हडपसरचं ग्लायडिंग केंद्र आहे.)

आता गडाभोवती फेरी. वैमानिक डाव्या खुर्चीत, म्हणून गड डावीकडे ठेवून घड्याळाच्या उलट फिरायचं. देवाला चालत नाही, सेस्नाला हेच चालतं. वेग काट्यावर ९० नॉट ठेवला तर या उंचीच्या विरळ हवेत खरा वेग सुमारे १०० नॉट होतो. वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि कलाच्या कोनाच्या टॅन्जंटचा गुणाकार. पंख १५ अंश कलवले तर त्रिज्या येते साधारण एक किलोमीटर, म्हणजे आपल्याला हवं तेच अंतर; फेरी दोन मिनिटांत पुरी. ३० अंश कलवले तर त्रिज्या ४७० मीटरच होते. तेवढ्यात गड मावत नाही, आणि खाली झुकलेला डावा पंख सिंहगडाकडे बघण्याची अर्धी खिडकी झाकतो. नवख्यांची बहुतेक वर्तुळं इथेच फसतात: गड दिसेनासा झाला म्हणून आणखी कलवायचं, मग तो आणखी झाकला जातो. ४५ अंशांवर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांना विमान पेलवत नाही) ४८ नॉटवरून ५७ वर, ६० अंशांवर ६८ वर जातो. वेग घटत असेल तर हे अंतर पाहता पाहता संपतं.

वाऱ्याने वर्तुळही सरकतं. पश्चिमेचा १५ नॉट वारा दोन मिनिटांत विमानाला पूर्वेला सुमारे ९०० मीटर ढकलतो, म्हणजे दुसऱ्या फेरीत तुम्ही गडाऐवजी पायथ्याभोवती फिरत असता. उपाय कलात आहे. वारा पाठीमागून असताना जमिनीवरचा वेग जास्त, तिथे २० अंशांपर्यंत कलवा. वारा समोरून येताना १० वर आणा. गड खिडकीत एकाच जागी खिळून राहिला, की जमलं. वाऱ्याच्या दिवशी डोंगराच्या पूर्वेकडे, म्हणजे वारा उतरतो त्या बाजूला, खाली दाबणारा प्रवाह असतो. कडा ओलांडायचा तर ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत जा, म्हणजे कमी वळून माघार घेता येते.

सिंहगडाहून २१० अंशांवर ८ मैल गेलं की राजगड, १,३७६ मीटर. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या आणि मधला बालेकिल्ला जमिनीवरून एका नजरेत येत नाहीत. वरून येतात, आणि सिम्युलेटरची ३० मीटरची जाळी एवढा मोठा आकार व्यवस्थित पकडते. या फेरीतलं सगळ्यात देखणं दृश्य हेच. तिथून २९८ अंशांवर जेमतेम ४ मैलांवर तोरणा, १,४०३ मीटर म्हणजे ४,६०३ फूट, म्हणून आधीच ६,००० पर्यंत चढून घ्या.

तोरण्यावरून ३४२ अंश, २७ मैल लोहगड. वाटेत पानशेत, वरसगाव, डावीकडे मुळशी, मग तिकोना पोटाखाली, तुंग डावीकडे आणि पुढ्यात पवनेचा जलाशय. धरणांची पातळी फोटो काढला त्या दिवसाची. काठावर दिसणारा पिवळट पट्टा म्हणजे तेव्हा पाणी किती उतरलं होतं याची खूण.

लोहगड ते लोहगाव २६ मैल, १०७ अंश. ही दिशा धावपट्टी १० च्या (तीच पट्टी, उलट दिशेने) जवळजवळ रेषेत पडते, त्यामुळे वारा मंद किंवा पूर्वेचा असेल तर सरळ उतरता येतं. तीन अंशांच्या उतारासाठी मैलाला ३०० फूट. म्हणजे ५ मैलांवर ३,४५० फूट हवेत. ६,००० वरून मिनिटाला ५०० फुटांनी यायचं तर १४-१५ मैल आधी, पिंपरी-चिंचवड यायच्या आतच उतरायला लागा. वेग ११० नॉटच्या खाली आल्यावर पहिला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची झडप), ८५ च्या खाली पूर्ण, शेवटी ६५. पश्चिमेचा वारा पाच-सात नॉटच्या वर असेल तर १० चा मोह सोडून ३,००० फुटांवर धावपट्टीच्या दक्षिणेकडून समांतर पुढे जा आणि वाघोलीच्या बाजूने डावीकडे वळून २८ वर या. पूर्ण फेरी सुमारे ८२ मैल, वळसे धरून तासाभराची. तेवढ्याला टाकीतलं अर्धं इंधन पुष्कळ होतं, आणि अर्ध्या टाकीचं हलकं विमान मे महिन्यातही तोरण्यापर्यंत कुरकुर न करता चढतं.