टायरची पकड हाताला कशी कळते?

गेम खेळताना कंट्रोलर थरथरणे आणि हाताला खरोखरचा जोर जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९७ साली आलेल्या निन्टेन्डोच्या रंबल पॅक या कंट्रोलरला जोडायच्या उपकरणात किंवा सोनीच्या ड्युअलशॉक कंट्रोलरमध्ये मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवलेले असे आणि ती फिरली की कंट्रोलर थरथरे. टक्कर झाल्याचे त्यातून समजते. पण धक्का कोणत्या दिशेने आला, हे समजत नाही. फोर्स फीडबॅक असलेल्या स्टिअरिंगमध्ये मात्र मोटर गिअर किंवा पट्ट्यामार्फत, अथवा थेट स्टिअरिंगच्या चाकाशी जोडलेली असते आणि ती खेळाडूच्या हाताविरुद्ध चाक वळवू पाहते.

हा विरोध किती असावा, हे टायरवरून ठरते. वळणावर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किंचित पिळवटला जातो आणि बाजूचा जोर त्या भागाच्या मध्याच्या थोडा मागे एकवटतो. म्हणून गाडीचे चाक सरळ होऊ पाहते आणि स्टिअरिंग जड लागते. वेग वाढून टायरचा मागचा भाग घसरू लागला की हा जोर पुढे सरकतो, त्यामुळे पकड पूर्ण सुटण्याच्या थोडे आधीच स्टिअरिंग हलके पडते. गाडी हातची जाणार, याची ही पूर्वसूचना असते. चांगले रेसिंग गेम टायरचे हे गणित सेकंदाला शेकडो वेळा मांडतात, कारण पडद्यावरील हालचाल सेकंदाला ६० चित्रांत सुरळीत भासली, तरी बोटांना त्याहून कितीतरी जलद कंपने जाणवतात.

मोटर जितकी ताकदवान तितका खेळ खरा, हा समज मला अर्धवट वाटतो. साधारण २ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) देणाऱ्या स्वस्त स्टिअरिंगवर जोर कमाल पातळीला ठेवला, तर लांब वळणावर मोटर आपल्या मर्यादेला जाऊन थांबते आणि त्यापुढचे खड्डे, रस्त्याकडेचे उंचवटे, टायरचे हलके घसरणे, सगळे एकाच सपाट दाबात बुडून जाते. अशा वेळी सेटिंगमध्ये जोर कमी केला, तर उलट अधिक तपशील हाताला लागतो. २० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क देणाऱ्या मोटरला मात्र ही अडचण क्वचितच येते; तिथे काळजी वेगळी घ्यावी लागते. गेममधली गाडी भिंतीवर आदळली की स्टिअरिंग झटक्यात फिरते, म्हणून अंगठे आऱ्यांत न अडकवता कडेवर ठेवावेत आणि अशा अनेक संचांसोबत मिळणारे वीज तोडण्याचे बटण हाताशी असावे.