मधुमेहाची औषधे व पायांचे रक्ताभिसरण

रक्तशर्करा उतरवणाऱ्या काही औषधांचा पायांच्या रक्तपुरवठ्याशी आणि अवयवविच्छेदनाशी (बोट, पाऊल किंवा पाय शस्त्रक्रियेने काढणे) जोडला गेलेला संबंध. मधुमेहात मुख्यतः गुडघ्याखालच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) अरुंद होतात. मज्जातंतूंना इजा झाल्याने पाऊल बधिर होते, त्यामुळे जखम उशिरा ध्यानात येते. हा धोका मुळात रोगाचा आहे. औषधाने त्यात भर पडते का, एवढाच वाद असून तो ग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) गटापुरता आहे.

या गटाचा पूर्वज फ्लोरिझिन हा पदार्थ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा करण्यात आला. अनेक लेखक त्याचे श्रेय ‘फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना’ देतात. तथापि तो वेगळा करणारे द कोनिंक व स्टास हे दोघेही बेल्जियन होते, म्हणून बेल्जियन श्रेय अधिक ग्राह्य वाटते. फ्लोरिझिनमुळे लघवीतून साखर जाते, हे १८८०च्या दशकात फॉन मेरिंग यांनी दाखवले. ग्लिफ्लोझिन गोळ्यांचे कार्यही तेच : मूत्रपिंडाने साखर परत शोषून घेऊ नये. या गटातील कॅनाग्लिफ्लोझिनला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅनव्हास’ चाचण्यांत (१०,१४२ रुग्ण) विच्छेदनाचे प्रमाण दर हजार रुग्णवर्षांमागे (एक रुग्ण एक वर्ष म्हणजे एक रुग्णवर्ष) कॅनाग्लिफ्लोझिन गटात ६·३, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ३·४ आढळले. बहुतेक विच्छेदने बोटांची वा पावलाच्या पुढच्या भागाची होती. त्याच वर्षी अमेरिकी नियामकाने या औषधावर चौकटीतील इशारा छापायला लावला. युरोपीय नियामकाने याच गटातील डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन यांबाबतही सावधगिरी सांगितली. मात्र कॅनाग्लिफ्लोझिनच्याच २०१९ च्या ‘क्रेडेन्स’ चाचणीत हे आकडे १२·३ व ११·२ असे जवळपास सारखेच निघाले, आणि २०२० मध्ये अमेरिकेतील चौकट काढण्यात आली. साधी सूचना कायम राहिली. ‘क्रेडेन्स’मध्ये चाचणी चालू असतानाच प्रत्येक भेटीत पाय तपासण्याची आणि जखम दिसल्यास गोळी तात्पुरती थांबवण्याची अट घातली गेली होती. त्यामुळे दोन निष्कर्षांतला फरक औषधापेक्षा देखरेखीचा असू शकेल, हे मत दुर्लक्षिण्याजोगे नाही. एम्पाग्लिफ्लोझिन व डापाग्लिफ्लोझिन यांच्या मोठ्या चाचण्यांत अशी वाढ दिसली नाही.

कारणाविषयी एकमत नाही. लघवीवाटे पाणी जाऊन रक्त दाट होते आणि आधीच अरुंद रोहिणीतून पुरवठा आणखी घटतो, ही उपपत्ती अधिक मांडली जाते. इन्शुलिन सुरू केले की पाय कापावा लागतो, हा समज निराधार आहे; इन्शुलिन बहुधा रोग जुना झाल्यावर सुरू होते, म्हणून दोन्ही गोष्टी जवळजवळ घडलेल्या दिसतात. उलट, सेमाग्लुटाइड या वेगळ्या गटातील मधुमेहाच्या औषधाच्या इंजेक्शनामुळे पायांच्या रोहिण्या आकसलेल्या मधुमेहींचे चालण्याचे अंतर वाढल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राइड’ चाचणीत आढळले. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर ०·९ पेक्षा कमी असल्यास रोहिणीविकार धरतात. जुन्या मधुमेहात रोहिणीच्या भिंतीत चुना साचल्याने ते फसवे मोठे येते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजणे बरे.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) डापाग्लिफ्लोझिन अधिक परिचित आहे. २०२० मध्ये भारतातील मूळ एकस्व (पेटंट) संपल्यावर ते स्वस्त झाले. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हातान्हात शेतात राबणाऱ्याने ही गोळी आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी दोन्ही घेतल्यास शरीरातील पाणी लवकर घटते. जुलाब-उलट्यांत डापाग्लिफ्लोझिन थांबवण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. कापसाची पऱ्हाटी (वाळकी झाडे) कापल्यावर उरलेले खुंट, केळीच्या बागेतला चिखल आणि चैत्रात सप्तशृंगगडाकडे तापल्या डांबरावरून होणारी अनवाणी पदयात्रा ही बधिर पावलांच्या जखमांची नेहमीची कारणे होत. विडी-तंबाखूने रोहिण्यांचे होणारे नुकसान कोणत्याही गोळीच्या वादापेक्षा निर्विवाद आहे. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक रोग) आढळतो. त्या रोगातही घोट्याजवळ व्रण होतात, तसेच तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी चुकीचा आकडा देऊ शकते, म्हणून तेथे प्रत्यक्ष रक्तशर्करेवरच भिस्त ठेवावी लागते.