अंडरस्टडी आणि स्विंग, दोन्ही एकच का?

२०२५ च्या मार्चमध्ये मुंबईत बीकेसीत फँटम ऑफ द ऑपेरा हे इंग्रजी म्युझिकल (गाण्या-नाचाचं नाटक) आलं होतं तेव्हा मामीला घेऊन गेले होते, आणि परतताना टॅक्सीत ती प्रोग्रामची पुस्तिका चाळत म्हणाली, "अगं, हे स्विंग म्हणजे काय गं, अंडरस्टडीच ना?" खूप जणांना असंच वाटतं. सांताक्रूझ येईपर्यंत जेवढं सांगून झालं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहितेय.

अंडरस्टडी सोपं आहे. हा माणूस बहुतेक वेळा रोजच्या प्रयोगात कोरसमध्ये किंवा छोट्या रोलमध्ये असतोच, शिवाय एखाद्या मोठ्या भूमिकेची तयारी करून ठेवलेली असते, मेन कलाकार आजारी पडला की हा उभा राहतो. शर्ली मॅक्लेनचं माहितीये का? १९५४ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांत, द पजामा गेम या म्युझिकलमध्ये ती कोरसमध्ये होती आणि कॅरल हॅनीची अंडरस्टडी होती, हॅनीचा पाय दुखावला, ही तिच्या जागी गेली आणि तिथूनच सिनेमात पोचली.

स्विंगला मात्र रोजची ठरलेली जागाच नसते. तो रोज थिएटरवर हजर असतो पण स्टेजवर नसतो, आणि कोरसमधल्या कितीतरी जणांचं काम त्याला पाठ असतं. म्हणजे नुसतं गाणं आणि नाच नाही, तर कुठल्या विंगेतून यायचं, कितव्या मात्रेला वळायचं, ग्लास कोणाच्या हातात द्यायचा, अंधारात कोणाच्या डावीकडून निघायचं, कपडे कुठे बदलायचे, हे सगळं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं! एकाच सुरावटीवर एक जण डावीकडे जातो नि दुसरा उजवीकडे, आणि स्विंगच्या पायात दोन्ही असावं लागतं. म्हणून हे लोक वहीत आकृत्या काढून ठेवतात, एकेका माणसाच्या एकेका हालचालीच्या.

आता गंमत अशी की हे दोघं एकाच रात्री लागतात. हिरॉइनचा घसा बसला, कोरसमधली अंडरस्टडी हिरॉइन झाली, मग कोरसमध्ये तिची जागा रिकामी झाली ना, तिथे स्विंग येते. आजारी एक, बदलले दोन. कोरसमधल्या एकाने काय फरक पडतो असं वाटत असेल तर आपल्या घाशीराम कोतवालमधली ब्राह्मणांची रांग आठवा, तो माणसांचा पडदाच असतो, त्यातला एक जरी कमी असला तर पडद्याला भोक पडेल.

कधीकधी एकच माणूस दोन्ही असतो आणि गोंधळ खरा तिथे होतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये, कोविडच्या लाटेत, ब्रॉडवेच्या द म्युझिक मॅनमध्ये हिरॉइन सटन फॉस्टर आजारी पडली आणि कॅथी वॉयटको ही स्विंग मेन रोलमध्ये उभी राहिली. तिला दुपारी कळलं, रात्री प्रयोग. शेवटी नाटकाचा हिरो ह्यू जॅकमनने तिला पुढे आणून प्रेक्षकांना सांगितलं की ही आज आठपैकी कुठलीही भूमिका करू शकली असती. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय, दरवेळी डोळ्यात पाणी येतं.

ऑल्टरनेट हे तिसरंच, त्यात आजारपणाचा संबंध नाही. फँटममधल्या क्रिस्टीनचं, म्हणजे हिरॉइनचं, गाणं इतकं दमवणारं आहे की आठवड्याच्या आठ प्रयोगांपैकी ठरलेले दोन दुसरीच गायिका करते. आणि फँटमचे ब्रॉडवेवर १९८८ ते २०२३ असे १३,९८१ प्रयोग झाले, त्यात करार संपला की नवे कलाकार येत राहिले, ते रिप्लेसमेंट.

आपल्याकडे संगीत नाटकात स्विंग असा शब्दच नाही, मोठा कोरस नाही म्हणून असेल, पण बदली कलाकार आहेच. खूप वर्षांपूर्वी पार्ल्याला दीनानाथला दुसऱ्या घंटेनंतर अनाउन्समेंट झाली की आज मुख्य गायकाचा आवाज गेलाय, दुसरा मुलगा गाणार आहे. आमच्या पुढच्या रांगेतले दोघं उठून गेले. त्या मुलाने पहिलं पद घेतलं तेव्हा हात थरथरताना दिसत होते, पेटीवाल्यांनी त्याच्याकडे बघत सूर जरा जास्तच धरून ठेवला, त्याचा श्वास जुळेपर्यंत. मध्यंतराआधी त्याला वन्स मोअर मिळाला. ते दोघं थांबायला हवे होते असं मला आजही मनापासून वाटतं.

तर मामी, पुढच्या वेळी थिएटरच्या बोर्डावर किंवा पुस्तिकेत बदलाची चिठ्ठी दिसली तर पहिलं नाव वाचून थांबू नकोस. खाली दुसरी ओळ असेल, कोरसमधल्या कुणाच्या तरी जागी कोण ते. ती बहुतेक स्विंग. तिला शोध, मागच्या रांगेत असेल.